रोशनदानाची दोरी

माझ्या भावाच्या घरात ह्या उन्हाळ्याच्या सुरुवातीला तीन ऋतू एकाच वेळी नांदत होते. बैठकीत डिसेंबर, मधल्या खोलीत धड काहीच नाही, आणि मागच्या खोलीत, जिथे आमची आई झोपते, तिथे ज्येष्ठातली भर दुपार. मधलं दार ओलांडलं की अंगावरची शाल काढून घाम पुसावा लागायचा. दादा ह्याला ‘कंट्रोल्ड क्लायमेट’ म्हणायचा. कोणाचा कोणावर कंट्रोल आहे, ते मी विचारलं नाही.

घर खरं तर बाबांनी बांधलं. फरीदाबादच्या सेक्टरातलं बैठं घर, मागे छोटं अंगण, वर मोकळी गच्ची. पूर्वी सगळी गल्लीच बैठी होती. आता सगळ्यांनी आपापली घरं बिल्डरला देऊन चार-चार मजले चढवून घेतलेत. खाली गाड्या, वर काचा, आणि काचांवर उन्हं येतात म्हणून आतून पडदे. म्हणजे आधी भिंत पाडून काच लावायची आणि मग काचेला कापडाची भिंत करायची. ह्या शहाणपणाला गल्लीत ‘मॉडर्न’ म्हणतात. त्या सगळ्यांच्या मधोमध आमचं घर जिन्याच्या पायरीवर थकून बसलेल्या माणसासारखं दिसतं.

गेल्या मे महिन्यात आई मागच्या खोलीत चक्कर येऊन पडली. डॉक्टर म्हणाले, ह्या वयात ह्या खोलीत ठेवू नका. बैठकीत एसी आहे, पण तिथे घटकाभर बसली की तिचे गुडघे आखडतात आणि मग दोन माणसांनी धरून उठवावं लागतं. शेवटी ह्या मार्चमध्ये दादाने जाहीर केलं, "हा एक उन्हाळा बघतो यार. घर नीट झालं तर ठीक, नाहीतर जूनमध्ये बिल्डरला हो म्हणतो. गुरुग्रामला फ्लॅट घेऊ, लिफ्ट आहे, सगळं आहे, आईला बरं पडेल." आई तेव्हा वाटाणे सोलत होती. ती वर न बघता म्हणाली, "मला ह्या घरातून एकदाच न्यायचं. त्याआधी मी कुठे येत नाही." त्यानंतर त्या विषयावर ती बोलली नाही, पण माझा फोन आला की आधी विचारायची, "काय ठरवलंय गं त्यांनी?"

म्हणून मी आले. आल्या दिवशीच दादाने बोलावलेला सल्लागार सोफ्यावर बसलेला होता. पन्नाशीचा, तागाचा सदरा, मोजे नसलेल्या पायांत महागडे बूट. घरातली हवा कशी खेळवावी हे सांगण्याचे तो पैसे घेतो. त्याच्या टॅबलेटवर आमच्या घराचं चित्र होतं आणि त्यात निळे बाण आत येत होते, लाल बाण बाहेर जात होते. एकाही बाणाला घाम आलेला नव्हता.

"मॅम, घर को ब्रीद करना चाहिए," तो मला म्हणाला.

"करता था जी," मी म्हटलं. "आप ही लोगों ने उसकी नाक बंद की."

तो हसला. असल्या लोकांना कसलाच अपमान लागत नाही, तो त्यांच्या फीमध्ये धरलेला असतो. मग त्याने छतात बसवायचं एक यंत्र दाखवलं, त्याचे पाइप, त्याच्या जाळ्या, आणि हे सगळं फोनवरून कसं चालतं ते. दादा शेजारी बसून "बिल्कुल, बिल्कुल" म्हणत होता. मी मात्र वर बघत होते, पीओपीच्या त्या पांढऱ्या खोट्या छताकडे. त्यात मधोमध एक कमळ काढलं आहे आणि भोवती बारीक दिवे आहेत. त्या कमळाच्या वर आमची रोशनदानं गाडलेली आहेत.

रोशनदान म्हणजे भिंतीत अगदी वर, छताला लागून ठेवलेली आडवी खिडकी. आपल्याकडे झरोका म्हणतील, पण झरोक्यातून उजेड येतो, रोशनदानातून गरम हवा निघून जाते. लाकडी चौकट, धुरकट काच, मधल्या खिळ्यावर फिरणारी झडप, आणि झडपेला बांधलेली सुती दोरी. दोरी ओढून वरच्या खिळ्याला बांधली की झडप उघडी राहते, सोडली की मिटते. दिल्लीतल्या जुन्या घरांना हे सगळं आपोआप कळत होतं. कळत नव्हतं ते आम्हा मराठी माणसांना.

आमचा इथला पहिला उन्हाळा आर. के. पुरमच्या सरकारी क्वार्टरमधला. आईचं माहेर गुहागरकडचं. तिच्या हिशोबात दुपार झाली की समुद्रावरून वारा येतो आणि त्याच्यासाठी घर उघडायचं असतं. म्हणून एका मे महिन्यातल्या दुपारी तिने क्वार्टरची सगळी दारं-खिडक्या सताड उघडली आणि दारात पाट टाकून वाऱ्याची वाट बघत बसली. वारा आला, इकडे लू म्हणतात तो भाजणारा. परातीतल्या कणकेला साल धरली. दोरीवरचा ओला पंचा बघता बघता पापडासारखा ताठ झाला. मी पाण्याचा पेला उचलला तो चटका बसून खाली टाकला, आणि दादाच्या नाकातून रक्त आलं. आई तरी खिडक्यांशी उभी, आता गार होईल, मग गार होईल म्हणत.

शेजारच्या बीजी धावत आल्या. फाळणीत पलीकडून आलेल्या, डोक्यावर पांढरी चुन्नी, आवाज गल्लीच्या टोकापर्यंत जाणारा. त्यांनी काही विचारलं नाही. धाडधाड सगळ्या खिडक्या लावल्या, दादाच्या टाळूवर पाणी थापलं आणि मग आईकडे वळल्या. "लू को घर बुलाती है, कुड़िए? ये कोई मेहमान है?" संध्याकाळपर्यंत सगळ्या ब्लॉकमध्ये झालं, की मराठ्यांनी लू जेवायला बोलावली होती. आई पुढे कित्येक वर्षं ह्या गोष्टीवर हसली नाही. पण त्या दिवसापासून तिने बीजींचं शेपूट धरलं. सकाळी कधी उघडायचं, दिवसा कधी बांधून टाकायचं, संध्याकाळी सूर्य गेला म्हणून लगेच फसायचं नाही, भिंतीला हात लावून बघायचं, हे सगळं ती शिकली.

पुढे पुण्याहून नातेवाईक येत. लाल किल्ला, कुतुबमिनार, जमलं तर पानिपतच्या लढाईचं स्मारक, काला अंब, बघून घ्यायला, आणि सुट्टी म्हणजे मे महिना. भर दुपारी येऊन म्हणत, "अगं, काय हे कोंडून घेतलंय! जरा खिडकी उघडा की!" आई खिडकी उघडून द्यायची आणि बाजूला उभी राहायची. पुण्याचे नातेवाईक श्वास एकदाच आत घेत. मला ते फार आवडायचं.

नंतर बाबांनी फरीदाबादला प्लॉट घेतला आणि घर बांधलं. बाबा मंत्रालयात साधे अधिकारी, पण बांधकामाच्या दिवसांत मिस्त्रीच्या डोक्यावर उभे असत, हातात पेटती उदबत्ती. भिंती कमरेपर्यंत आल्या असतील नसतील, हे उदबत्ती घेऊन चौकटीचौकटीतून फिरत. धूर जिकडे वाकेल तिकडे हवा जाते, तर तिकडेच तिला दार द्यायचं, हा त्यांचा सिद्धान्त. मिस्त्रीला वाटायचं साहेब पूजा करताहेत, तो तेवढा वेळ चपला काढून उभा राहायचा. प्रत्येक खोलीला समोरासमोर दोन रोशनदानं झाली, आणि प्रत्येकाला दोरी.

त्या घरातले उन्हाळे मला अजून अंगाला आठवतात. पहाटे घर सगळीकडून उघडं असे. अर्धवट झोपेत अंगावरून गार हवा जायची, कडुनिंबाच्या मोहोराचा कडवट वास घेऊन. वर कुठेतरी दोऱ्या सरसरत, झडपा कुरकुरत. उन्हं कठड्यावर आली की घर मिटायचं, एकेक खोली करत, आणि सगळीकडे काळोखाचा आणि ओल्या फरशीचा गारवा पसरायचा. दारावर वाळ्याचे पडदे, त्यांच्यावरून टपटपणारं पाणी. आम्ही मोझॅकच्या फरशीवर उघड्या पाठीने पालथे पडायचो आणि एक जागा तापली की सरकून दुसऱ्या जागी जायचो. झडपेच्या फटीतून एक कवडसा भिंतीवर यायचा आणि दुपारभर तसूतसूने पुढे जायचा. दादाच्या मुलीला परवा मी कवडसा म्हटलं तर ती म्हणाली, "आत्या, वो क्या होता है?" तिला कसं कळणार? तिच्या घरात उजेड बटणाने येतो.

आंधी यायची तेव्हा आकाश आधी पिवळं व्हायचं. मग घरात पळापळ, सगळ्या झडपा एकामागून एक धडाधड मिटायच्या आणि बाहेर ती धुळीची भिंत घरावर येऊन आदळायची. आत आम्ही काळोखात कैऱ्यांना मीठ लावून खात बसलेलो. थंडीत उलटं. कोळशाची शेगडी खोलीत पेटली की बरोबर एक झडप दोन बोटं उघडी असायची, आणि रजईतून तोंड बाहेर काढलं की त्या दोन बोटांतून निळं, कडक थंडीतलं आकाश दिसायचं.

पण खरा उन्हाळा म्हणजे संध्याकाळ. आम्ही मागच्या खोलीत झोपून उठून तसेच लोळत असायचो. वर गच्चीवर बादल्यांचा आवाज व्हायचा, पाणी फेकल्याचा, आणि मग पहिल्यांदा तापलेल्या विटांचा चुर्र असा एक लांब आवाज. थोडा वेळ काहीच नाही. मग पन्हळीतून अंगणात पाणी ठिबकायला लागायचं आणि अंगणाच्या दारावरच्या रोशनदानातून तो वास खाली उतरायचा. भाजलेली वीट, चुना, दिवसभराची धूळ आणि पाणी. त्या वासाने आम्ही उठायचो. अजून गुरुग्रामच्या आमच्या सोसायटीत माळी झाडांना पाणी घालतात तेव्हा मी नाक पुढे करते, पण तिथे नळीच्या रबराचाच वास येतो.

आमच्या सोसायटीबद्दल न बोललेलं बरं. सतराव्या मजल्यावर आमच्या खिडक्या चार बोटं उघडतात, त्याच्या पुढे उघडू नयेत म्हणून कंपनीने खटका बसवला आहे. माणसं जीव देतील अशी त्यांना भीती वाटते. ह्यांना, म्हणजे माझ्या यजमानांना, त्याचं काहीच वाटत नाही. ते रिमोट उशाशी घेऊन झोपतात.

बाबा गेल्यावर पहिल्याच दिवाळीला मी माहेरी आले आणि बैठकीत पाऊल टाकलं तर छत खाली आलेलं. प्रत्येक खोलीत पीओपी, कमळं, वेली, बारीक दिवे. हलवायाचं दुकान बरं. रोशनदानं, दोऱ्या, सगळं त्याच्या वर गेलं होतं. मी सगळ्यांच्या देखत दादाला म्हणाले, "बाबांनी उदबत्ती घेऊन बांधलेल्या घराचा तू गळा दाबलास." दादाने मान खाली घालून फराळाचं ताट पुढे सरकवलं. वहिनी काही बोलायला लागली, तर त्याने तिला हाताने थांबवलं. त्यानंतर एकही दिवाळी मी त्याला सोडलं नाही. कधी चकलीबरोबर, कधी शंकरपाळ्यांबरोबर, पण छताचा विषय मी काढायचेच. तो ऐकून घ्यायचा. मला वाटायचं, बोलायला तोंड नाही म्हणून ऐकतो.

तर सल्लागाराचे बाण संपल्यावर मी उठले. देवघरातून उदबत्ती घेतली, पेटवली, आणि त्या सगळ्यांना घेऊन आईच्या खोलीत गेले. आई पलंगावर पाय लांब करून बसली होती, मांडीवर ओला नॅपकिन. मी उदबत्ती उंच धरली. धूर सरळ वर गेला, छताला लागला, पसरला आणि तिथेच राहिला. हलायचं नाव नाही.

"हे तुझं कंट्रोल्ड क्लायमेट," मी दादाला म्हटलं. "हे छत आधी फोड. बाण नंतर लाव."

वहिनी म्हणाली, "अहो, केवढी धूळ होईल! आत्ताच सोफे ड्रायक्लीन केलेत."

दादा आईकडे बघत राहिला. त्याने नुसतं विचारलं, "आई?"

आई नॅपकिनची घडी घालत म्हणाली, "फोडू दे तिला."

दुसऱ्या दिवशी माणसं आली आणि आईच्या खोलीतलं कमळ खाली आलं. पांढऱ्या पिठाने सगळं घर माखलं, आणि त्या धुळीच्या वर, जिथे मी सांगितलं होतं नेमकं तिथे, दोन्ही रोशनदानं होती. पश्चिमेचं मी स्वतः स्टुलावर चढून उघडलं, आणि तोंडावर भट्टीचं दार उघडावं तशी झळ आली. शेजारच्या चार मजल्यांचे एसी ओळीने त्यांच्या ह्या बाजूच्या भिंतीला लटकवलेत आणि सगळ्यांची तोंडं आमच्याकडे. त्यांनी आपली खोली गार केली की ती गरमी आमच्या आईच्या उशाशी. गल्लीत सगळे एकमेकांना ‘जी’ लावून बोलतात, दिवाळीला सुक्या मेव्याचे डबे पाठवतात, आणि असे राहतात. मी ती झडप आपटून बंद केली.

उरलं अंगणाच्या दारावरचं. त्याची झडप चौकटीला रंगाने चिकटून बसली होती. हातोडीने ठोकल्यावर ती सुटली, आणि मागच्या खिळ्याला दोरी होती. काळी पडलेली, पण नीट गुंडाळून, गाठ मारून ठेवलेली. मी ती सोडवून ओढली आणि पुन्हा खिळ्याला बांधली. झडप कुरकुरत आडवी झाली. मी पुन्हा उदबत्ती लावली. धूर वर गेला, घुटमळला, वाकला आणि अंगणाकडे निघून गेला.

मग मी थांबले नाही. बाबांनी किती विचार केला होता, त्यांना काय दृष्टी होती, आणि आपण काय केलं, पीओपीची फुलं लावली, हे सगळं दादाला ऐकवलं. "एक दोरी ओढायची, बस. त्याच्यासाठी सल्लागार आणतात!" दादा हाताने केसांतली धूळ झटकत उभा होता.

"कोण ओढणार?" आईने विचारलं.

"म्हणजे?"

"म्हणजे पहाटे उठून कोण उघडणार? उन्हं यायच्या आत कोण लावणार? संध्याकाळी गच्चीवर पाणी कोण चढवणार? ते एक भोक आहे गं भिंतीतलं. भोक काय करतं?"

"पूर्वी सगळं होतच होतं की, आई."

आई हसली. तिचं हे हसू मी आधी पाहिलेलं नव्हतं. पुण्याच्या नातेवाइकांना खिडकी उघडून देऊन ती जशी बाजूला उभी राहायची, त्यातलं काहीतरी त्यात होतं.

"मी ओढत होते. सगळ्या घरभर. पडदे भिजवत होते, फरशी पुसत होते, बादल्या चढवत होते. तुम्ही सगळी पडलेली असायचात आत. मग खांदा धरला, हात वर जाईना. उघडी राहिली तर मिटता येत नाहीत, मिटली तर उघडता येत नाहीत. दिवसभर ती डोळ्यांसमोर, आणि आपल्याच्याने होत नाही. मीच दादाला म्हटलं, झाकून टाक बाबा ती. नजरेला तरी नकोत. कमळ वगैरे त्या माणसाने त्याच्या मनाने काढलं."

मी दादाकडे पाहिलं. तो खिडकीतून अंगणात बघत होता.

"मग मला कोणी सांगितलं का नाही?"

"मी सांगणार होते. हाच नको म्हणाला. म्हणे, तिला तू अशी आठवायला नकोस, हात वर न जाणारी. मला बोलते तर बोलू दे."

"आणि बाबा?" मी विचारलं. का विचारलं कोण जाणे. "बाबा नव्हते ओढत?"

"ओढायचे की. पाहुणे आले की."

मला लाज वाटली, आणि लाज वाटली म्हणून आणखीच राग आला. कोणावर, ते ठरेना. बाबांच्या उदबत्तीवर, त्या कमळावर, की फरशीवर पालथ्या पडलेल्या त्या मुलीवर, जिला चुर्र आवाज ऐकू यायचा पण बादली कोणाच्या हातात आहे हे कधी बघावंसं वाटलं नाही. दादाला काहीतरी म्हणावंसं वाटत होतं, पण इतक्या वर्षांच्या सवयीने त्याच्यासाठी चांगलं वाक्य तोंडात येईना.

"मी राहते," मी म्हटलं. "हा उन्हाळा मी राहते. मी ओढीन."

"तू?" आई म्हणाली. "तुझ्या घरात खिडकी चार बोटं उघडते."

तरी मी राहिले. यजमानांना फोनवर सांगितलं, ते म्हणाले, "अच्छा," आणि मागे एसीचा आवाज येत होता. दुसऱ्या दिवशी उजाडायच्या आत माझ्या पलंगाच्या पायाला आईची काठी लागली. "उठ. हवा गार आहे तोवर उघड." सगळ्या झडपांना नव्या दोऱ्या बांधल्या, मधल्या खोलीचं छतही फोडून घेतलं. मला वाटलं होतं दोरी ओढायची म्हणजे ओढायची. ती ओढताना मान मोडते, डोळ्यांत कबुतरांची घाण पडते, आणि एक उघडली की दुसरी वाऱ्याने मिटते. आई पलंगावरून सूचना देई. "आधी अंगणाची. मग मधली. पश्चिमेच्या वाटेला जाऊ नको." आणि जरा चुकलं की, "राहू दे, बाबांसारखी ओढतेस." ह्याच्याहून मोठी शिवी तिच्याकडे त्या दिवसांत नव्हती.

पाण्याचा प्रश्न होता. सेक्टरात टँकर येतात आणि गच्चीवर पाणी ओततो म्हटलं तर शेजारी तोंडावर बोलतील. तो वहिनीने सोडवला. पाणी शुद्ध करायच्या यंत्रातून जे वाया जातं, ते तिने बादल्यांत धरायला सुरुवात केली. मला सांगायला आली तेव्हा माझ्याकडे बघतसुद्धा नव्हती. "दिवसभराचं चार बादल्या होतं, वन्सं. नाहीतरी मोरीतच जातं." मी सोफ्यांबद्दल मनात जे जे म्हटलं होतं, त्यातलं थोडं मागे घेतलं. थोडंच.

दादा बादल्या जिन्याच्या पायथ्याशी आणून ठेवायचा, त्याची कंबर त्याला वर चढू देत नाही. तिथून मी. बैठकीतला एसी हळूहळू फक्त दुपारचा झाला. मधलं दार उघडं राहायला लागलं. शाल काढायची आणि घाम पुसायचा तो प्रकार कमी कमी होत गेला, आणि एक दिवस माझ्या लक्षात आलं की बैठकीतून मागच्या खोलीत जाताना मला काहीच वेगळं वाटलं नाही. गार नव्हतं. पण सगळीकडे सारखं होतं, आणि आईच्या मांडीवरचा नॅपकिन कोरडा होता.

मे संपत आला तेव्हा बिल्डरचा माणूस मोजमाप घ्यायला आला. भर दुपार होती. दादाने त्याला फाटकातच थांबवलं. मी खिडकीच्या फटीतून ऐकत होते.

"बस पाँच मिनट लगेंगे सर, पीछे वाला रूम देखना है."

"अभी नहीं," दादा म्हणाला. "माँ सो रही हैं."

"तो शाम को आ जाऊँ?"

दादाने फाटकाची कडी लावली. "नहीं, रहने दो. इस घर का रहने दो."

आई खरंच झोपली होती. मागच्या खोलीत, मे महिन्याच्या दुपारी, तोंड किंचित उघडं, एक हात उशीवरून खाली आलेला. मी दारात बराच वेळ उभी राहिले. मग दादा आला, तोही उभा राहिला. मी त्याला म्हटलं, "चहा टाकू तुला?" इतकंच मला जमलं. तो म्हणाला, "टाक. आलं घाल."

संध्याकाळी भिंतीला हात लावून बघितला आणि वर गेले. चार बादल्या, चार फेऱ्या. पहिली ओतली तेव्हा विटा चुर्र करून उठल्या आणि वाफ माझ्या चष्म्यावर आली. गुडघे ठणकत होते, पदर खोचलेला, घाम डोळ्यांत. मी नाक पुढे केलं. इतकी वर्षं ज्याच्यासाठी तळमळले तो वास आता इथे, पायाशीच असणार. काही नाही. माझ्या स्वतःच्या घामाचा आणि प्लॅस्टिकच्या बादलीचा वास तेवढा होता. मी दुसरी बादली ओतली, तिसरी ओतली. पन्हळीतून पाणी अंगणात ठिबकायला लागलं.

तेवढ्यात खालून, अंगणाच्या दारावरच्या त्या झडपेतून, आईचा आवाज आला. झोपेतून नुकती उठलेली असणार, आवाज जड होता, आणि लहान मुलीसारखा चकित.

"अगं ए... असा वास येतो होय खाली? मला माहीतच नव्हतं."

मी चौथी बादली उचलली.